बुरूज कोणी पाडायचा, वाट कोणी निवडायची

प्रश्न थोडक्यात असा. खानापूरकडचे चार विद्यार्थी मिळून पहिला गेम करताहेत. बेळगावजवळच्या राजहंसगडाएवढा एक लहान डोंगरी गड, मध्यरात्र, आणि तेरा-चौदा वर्षांचा एक हेर पोरगा. गडात शिरायचं, किल्लेदाराच्या वाड्यातून कागदांची थैली उचलायची आणि उजाडायच्या आत बाहेर पडायचं. दोघांचं म्हणणं, प्लेअरला पूर्ण मोकळीक द्या. कुठूनही चढू दे, कसाही शिरू दे. उरलेल्या दोघांना सिनेमासारखा अनुभव हवाय: ठरलेला कॅमेरा, ठरलेले संवाद आणि मध्यावर बुरूज ढासळण्याचा मोठा प्रसंग. हाताशी आठ महिने आणि साधे लॅपटॉप. बुरुजाचा प्रसंग दहा मित्रांना खेळायला दिला तर पाचांनी तो पाहिलाच नाही, आणि तिथून वाद पेटला. बरोबर कोण, असं विचारलंय.

तुम्ही चौघं 'मोकळीक' हा एकच शब्द चार वेगळ्या अर्थांनी वापरताय. लेव्हल आखताना मी या चार गोष्टी कायम वेगळ्या धरतो. हालचाल: पाय कोणाचे? नजर: कॅमेरा कोणाच्या हातात? क्रम: आधी काय आणि नंतर काय, हे कोण ठरवतं? निकाल: शेवटी जे घडतं ते प्लेअरमुळे बदलतं का? चारही एकदम देणारे गेम फार थोडे, आणि चारही काढून घेतल्या की गेम उरत नाही.

१९९८ चा हाफ-लाइफ घ्या. सुरुवातीला प्लेअर रुळावरच्या डब्यात बसून प्रयोगशाळेत जातो. डबा आपल्या वेगाने, आपल्याच वाटेने चालतो. पण प्लेअर डब्यात फिरू शकतो, हव्या त्या खिडकीतून बघू शकतो, आणि पुढेही गेमभर कॅमेरा त्याच्या डोळ्यांतून सुटत नाही. हालचाल आणि नजर त्याची. क्रम आणि निकाल जवळजवळ सगळा बनवणाऱ्यांचा. टेलटेल या कंपनीचा २०१२ चा गेम द वॉकिंग डेड याच्या उलट. तिथे चालायला जागा थोडी, कॅमेरा त्यांचा, पण कोणाला काय बोलायचं आणि कोणाच्या मदतीला धावायचं हे प्लेअर ठरवतो. २०१७ चा झेल्डा, ब्रेथ ऑफ द वाइल्ड, मोकळेपणासाठी नावाजला गेला. त्यात थेट शेवटच्या किल्ल्याकडे चालत सुटलात तरी कोणी अडवत नाही. पण हाच गेम सुरुवातीला तुम्हाला उंच कड्यांनी वेढलेल्या एका पठारावर ठेवतो, तिथे चार शक्ती शिकवतो, आणि पॅराग्लायडर हातात पडेपर्यंत खाली उतरू देत नाही. इतक्या मोकळ्या गेमची सुरुवात कुंपणात होते. क्रम प्लेअरला दिला, निकाल जवळजवळ एकच ठेवला, आणि तरी कोणाला फसवल्यासारखं वाटत नाही.

मग प्लेअर चिडतो कधी? २०१८ च्या रेड डेड रिडेम्प्शन २ बद्दलची एक तक्रार तुमच्या कामाची आहे. जग एवढं अफाट की वाटेल तिथे घोडा घालावा. पण मिशन सुरू झालं आणि तुम्ही स्वतःच्या डोक्याने मागच्या बाजूने जायला निघालात की 'मिशन अयशस्वी'. २०११ च्या डेउस एक्स: ह्यूमन रेव्होल्यूशनमध्येही तसंच झालं. अख्खा गेम लपतछपत, गोळी न झाडता खेळता यावा अशी रचना, आणि बॉसच्या, म्हणजे मोठ्या शत्रूंच्या, लढाया मात्र समोरासमोर बंदुकीने. ज्यांनी आपली सगळी ताकद लपण्यात आणि संगणक हॅक करण्यात घातली होती ते तिथे उघडे पडले. २०१३ च्या सुधारित आवृत्तीत त्या लढायांना दुसऱ्या वाटा जोडाव्या लागल्या. दोन्हीकडे राग पटकथेवर नव्हता. गेमने तासन्‌तास एक गोष्ट शिकवली आणि ऐन प्रसंगी तीच करायला मनाई केली, हा तो राग.

म्हणून मी एकच नियम कटाक्षाने पाळतो: जे काम प्लेअरला शिकवलं, ते मोक्याच्या क्षणी त्याच्या हातून काढून घ्यायचं नाही. पटकथा जगाची लिहा, प्लेअरच्या हातांची लिहू नका. बुरूज पडणार हे तुम्ही ठरवा. तो पडताना पोरगा पळतो, लपतो की खाली उडी टाकतो हे त्याला ठरवू द्या.

आता यातलं परिस्थितीवर अवलंबून काय? बरंच. गेम एका बैठकीत, चाळीस-पन्नास मिनिटांत संपणार असेल तर बांधलेला अनुभव चालतो, कारण सहसा कोणी दुसऱ्यांदा खेळत नाही. माणसं पुन्हा पुन्हा खेळावीत असं वाटत असेल तर क्रम मोकळा सोडावा लागतो. टीममध्ये ॲनिमेशन करणारा हात चांगला असेल तर प्रसंग परवडतात. कोड लिहिणारा चांगला असेल तर नियम परवडतात. तुमच्यात दोघं कोड लिहितात, एक चित्रं करतो आणि एक आवाज-संगीत सांभाळतो, असं लिहिलंय. या ताकदीला माझा सल्ला: सुरुवात आणि शेवट बांधा, मधला गड मोकळा सोडा. चढायच्या वाटा तीन, त्याहून जास्त नकोत. मोठा बांधलेला प्रसंग एकच, बुरुजाचा.

त्या बुरुजाकडे आता नीट बघू, कारण तुमचा सगळा वाद त्यात आहे.

सध्या दरवाजाच्या उंबऱ्यावर ट्रिगर (प्लेअर आत शिरताच घटना सुरू करणारी अदृश्य पेटी) आहे आणि त्यानंतर दोन सेकंदांनी डाव्या हाताचा बुरूज कोसळतो. तुमचा पोरगा सेकंदाला पाच मीटर पळतो. म्हणजे दगड हलायच्या आत तो दहा मीटर पुढे, कोपरा वळून गेलेला असतो. पाच जणांनी प्रसंग पाहिला नाही यात नवल नाही. उरलेल्या पाचांनी कसा पाहिला ते विचारा. बहुतेक ते वाट चुकून थांबले असतील.

बेळगावच्या शिवजयंतीच्या चित्ररथ मिरवणुकीत सजीव देखावा करणाऱ्यांना ही अडचण पाठ असते. बघणारा रस्त्याच्या कुठल्या बाजूला उभा आहे, कोणाशी बोलतोय, याचा नेम नसतो. म्हणून आधी निवेदन सुरू होतं, वाद्यं वाजतात, गर्दीची मान वळते, आणि मग अफझलखानाच्या भेटीचा प्रसंग उभा राहतो. आधी कान, मग मान, मग प्रसंग. गेममध्येही हाच क्रम ठेवा. बुरूज पडण्याच्या एक ते दीड सेकंद आधी त्याच दिशेने खडी निसटल्याचा आवाज, मग एखादा दगड, मग धूळ. हेडफोन लावलेला प्लेअर आपणहून वळतो. लॅपटॉपच्या स्पीकरवर दिशा कळत नाही, म्हणून दिसणारी खूणही हवी: बुरुजावरची मशाल डुगडुगली तरी अंधारात नजर तिकडे जाते.

त्याहून महत्त्वाची जागा. आपल्या गडांचा गोमुखी दरवाजा हा आयता कॅमेरा आहे. दोन बुरुजांच्या कवेतली ती वळणदार वाट शत्रूला दरवाजा दिसू नये म्हणून केलेली. तिचा दुसरा गुण असा की वळणातून बाहेर पडणाऱ्या माणसाचं तोंड नेमकं कुठे असेल हे आधीच ठरलेलं असतं. बुरूज उंबऱ्याच्या डाव्या हाताला ठेवू नका. वळण संपतं तिथून समोर, पंचवीस-तीस मीटरवर ठेवा. कॅमेऱ्याला हात न लावता नजर तुमच्या ताब्यात येते.

एवढं करूनही काही जण जमिनीकडे बघत पळतात. त्यांच्यासाठी ट्रिगरला लगेच बुरूज पाडायला सांगू नका, फक्त 'तयार' करा. मग दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्रागणिक, तपासा: कॅमेऱ्याची दिशा आणि बुरुजाची दिशा यांत ३० अंशांहून कमी कोन आहे का? दोन्ही दिशांची लांबी १ करून डॉट प्रॉडक्ट (दोन दिशा किती जुळतात ते सांगणारा आकडा) काढला तर तो ०.८६६ च्या वर हवा. मध्ये भिंत नाही ना, हे एका रेकास्टने, म्हणजे सरळ अदृश्य रेषा टाकून, बघा. ही स्थिती सलग ०.३ सेकंद टिकली की पाडा. आठ सेकंदांत नाहीच बघितलं तर तसाच पाडा, पण मग खुणा मागे राहायला हव्यात: वाटेवर ढिगारा, हवेत धूळ, पहारेकऱ्यांची ओरड. ज्याने पडताना पाहिलं नाही त्याला पडल्याचं कळलंच पाहिजे. २००६ च्या गिअर्स ऑफ वॉरमध्ये एक बटण धरलं की कॅमेरा महत्त्वाच्या घटनेकडे वळायचा. तोही मार्ग चांगला आहे, कारण वळायचं की नाही हे प्लेअरच्याच हातात राहतं.

दगड गेम इंजिनच्या (ज्यावर गेम बनवतात त्या सॉफ्टवेअरच्या) फिजिक्सवर सोडू नका. प्रत्येक मशीनवर ते थोडे वेगळे पडतील, आणि कधी तरी एक दगड वाटेच्या मधोमध बसून गेम कायमचा अडकेल. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये बुरुजाचे साठ-सत्तर तुकडे करा, पडण्याचं सिम्युलेशन तिथेच चालवा, ते कीफ्रेममध्ये (कुठल्या क्षणी कुठला तुकडा कुठे, याच्या नोंदींत) पक्कं करा आणि साधं ॲनिमेशन म्हणून इंजिनात आणा. बारीक खडी आणि धूळ पार्टिकलने, म्हणजे बारीक ठिपक्यांच्या फवाऱ्याने. पडत असताना तुकड्यांना कोलायडर (टक्कर ओळखणारा अदृश्य आकार) नको. खाली एक अदृश्य पेटी ठेवा, तिच्यात सापडला तर इजा. ॲनिमेशन संपलं की ढिगाऱ्यावर दोन-तीन साधे चौकोनी कोलायडर चालू करा. साध्या लॅपटॉपवर हे सहज झेपतं.

या प्रसंगात बिघडणाऱ्या गोष्टी बहुतेक वेळा त्याच असतात. ट्रिगरची पेटी वाटेच्या पूर्ण रुंदीची नसते आणि कोणीतरी कठड्यावरून चालत बाजूने निघून जातं. पेटी भिंतीपासून भिंतीपर्यंत आणि उडी मारून पोचता येईल त्याहून उंच करा. प्लेअरऐवजी एखादा पहारेकरीच पेटीत शिरतो आणि बुरूज कोणी नसताना पडतो. आत कोण आलं ते तपासा. परत येताना प्रसंग दुसऱ्यांदा सुरू होतो. बुरूज पडल्यावर सेव्ह केलं, पुन्हा उघडलं, तर बुरूज साबूत उभा आणि ढिगाराही तिथेच. शेवटच्या दोन्हींवर उपाय एकच: 'बुरूज पडला' अशी एक खूण सेव्हमध्ये ठेवा, आणि लोड करताना ती दिसली की ॲनिमेशन थेट शेवटच्या फ्रेमवर न्या. आणखी एक बारकावा. प्लेअर पातळ ट्रिगरमधून निसटत नाही, कारण त्याची कॅप्सूल, म्हणजे त्याचा टकरीसाठीचा आकार, जाड असते. पण सेकंदाला ५० मीटर जाणारा बाण युनिटी या इंजिनच्या मूळच्या ०.०२ सेकंदाच्या टप्प्यात एक मीटर पुढे उडी घेतो आणि पातळ पेटी ओलांडून जातो. बाणाने काही घडवायचं असेल तर पेटीच्या भरवशावर राहू नका, मागच्या आणि आताच्या जागेमध्ये रेकास्ट टाका.

तुमच्या वादाचा खरा कस लागतो तो पुढच्या प्रश्नात. दोर टाकून चढायला तुम्हीच शिकवणार आहात. उद्या कोणी आधीच त्या बुरुजावर जाऊन बसला तर? इथे बरेच जण अदृश्य भिंत घालतात. त्यापेक्षा बुरूज पडायला कारण द्या. त्याच्या पोटात दारूचं कोठार ठेवा आणि नियम करा: कोठाराला आग लागली की थोड्या वेळाने बुरूज पडतो. आता प्लेअर मशाल फेकून स्वतः तो पाडू शकतो, पहारेकऱ्याला तिकडे ओढून पाडू शकतो, वर बसून वात पेटताना बघू शकतो आणि उडी टाकू शकतो. त्याने काहीच केलं नाही, तर तो थैली घेऊन वाड्याबाहेर पडतो तेव्हा तुमचा घाबरलेला पहारेकरी मशाल टाकतो आणि बुरूज पडतोच. सिनेमावाल्या दोघांना त्यांचा प्रसंग मिळाला, मोकळीकवाल्या दोघांना त्यांचा नियम. मात्र कोठार आणि बारुदाची पिंपं प्लेअरला आधी दिसायला हवीत, निदान दोनदा, नाहीतर तोच बुरूज त्याला ऐनवेळी आणलेला वाटेल.

संवादांचं गणित सोपं आहे, पण ते कोणी करत नाही. मराठी संवाद साधारण सेकंदाला दोन-अडीच शब्दांच्या गतीने बोलला जातो. चाळीस शब्दांचं बोलणं सोळा ते वीस सेकंद चालतं. तेवढ्या वेळात पळणारा पोरगा ऐंशी ते शंभर मीटर जातो. तुमची तटावरची वाट तीस मीटरची असेल तर म्हातारा गडकरी वाक्याच्या मध्यावर असताना प्लेअर वाड्यात शिरलेला असेल. एक तर बोलणं पंधरा शब्दांवर आणा, नाहीतर वाट लांबवा, नाहीतर बोलणाऱ्याला बरोबर चालू द्या. बरोबर चालणाऱ्याचा वेग मात्र ठरावीक ठेवू नका. प्लेअरच्या चालण्यापेक्षा जलद आणि पळण्यापेक्षा हळू चालणारा सोबती माणसाचा जीव खातो. सोबत्याला तीन ते पाच मीटर पुढे ठेवा, अंतर वाढलं की वेग कमी, आठ मीटरवर थांबून मागे बघणं. प्लेअर दुसरीकडे गेलाच तर वाक्य अर्धवट तोडून 'काय म्हणत होतो, हां...' अशी जोडणारी दोन-तीन वाक्यं आधीच रेकॉर्ड करून ठेवा. अर्ध्या दिवसाचं काम आहे आणि माणूस खरा वाटायला लागतो.

आता निवडी आणि शेवट. प्रत्येक निवडीला वेगळी गोष्ट, असं तुमच्यातल्या एकाने सुचवलंय. दोन पर्यायांच्या पाच निवडी म्हणजे ३२ शेवट. दहा निवडी म्हणजे १०२४. चार माणसांना ते आठ महिन्यांत काय, आठ वर्षांतही जमणार नाही. म्हणून फांद्या फुटू द्या आणि पुन्हा एका वाटेला आणा, पण जाताना ओझं बरोबर असू द्या. पाण्याच्या टाक्याजवळ भेटलेल्या शिपायाच्या पोराला सोडलं, बांधलं की ढकललं? गोष्ट पुढे एकच, थैलीकडेच जाते. पण सोडलेलं पोरगं नंतर चोरवाट दाखवतं, बांधलेलं सुटून पहारा वाढवतं, आणि ढकललं असेल तर शेवटी शिपाई नाव घेऊन हाका मारत फिरताना दिसतो. एका निवडीला पुढे दोन ठिकाणी उत्तर मिळालं की प्लेअरला ती खरी वाटते. गेमभर अशा तीन निवडी पुरेत. प्रत्येकीसाठी सेव्हमध्ये एक आकडा, आणि तीन पर्यायांच्या तीन निवडींच्या २७ जुळण्या, म्हणजे टेस्टिंगला झेपणारी संख्या.

मोकळीकवाल्यांनाही हिशेब लागू आहे. आग, पाणी, दोर, कुत्रा, आवाज, पहारेकरी असे सहा घटक तुम्ही लिहिलेत. ते एकमेकांवर परिणाम करणार असतील तर जोड्या होतात १५. दहा घटक केलेत तर ४५. प्रत्येक जोडी म्हणजे एक उत्तर द्यायचं वचन: पाण्याने मशाल विझते का? दोर जळतो का? कुत्रा आवाजाकडे जातो का? पंधरांची उत्तरं नीट देता येतील. पंचेचाळिसांची देताना निम्मी कच्ची राहतील, आणि प्लेअर नेमकी तीच हुडकून काढेल. सातवा घटक घालायची इच्छा झाली की आधी एक काढा. दोर जळत नाही असं ठरलं तरी चालेल, फक्त मग तो साखळदंड करा. जळायला हवी अशी दिसणारी आणि न जळणारी वस्तू ठेवू नका.

कुंपणाबद्दल थोडक्यात. अदृश्य भिंत शेवटचा उपाय. युनिटी, गोडो आणि अनरिअल या तिन्ही इंजिनांत चालता येणाऱ्या उताराची मूळ मर्यादा ४५ अंशांच्या आसपास असते. म्हणून 'हा कडा चढता येणार नाही' असं सांगायचं तर तो ६० अंशांचा करा, म्हणजे बघूनच कळेल. ४२ आणि ४८ अंशांचे उतार डोळ्याला सारखे दिसतात आणि एकावर पाय टिकतो, दुसऱ्यावर घसरतो. गेम बिघडलाय असंच वाटतं. परतीची वाट बंद करायची असेल तर अडीच-तीन मीटरची खाली उडी ठेवा. उडी मारणारा स्वतः मारतो, आणि माघारी जाता येत नाही याचा राग येत नाही.

इथवरचं एका ठिकाणी आणायचं तर: चार मोकळिकी वेगळ्या करा, बुरुजाला नियम द्या आणि नियमामागे पटकथा उभी ठेवा, निवडी तीन, घटक सहा. कटसीन (प्लेअरने नुसतं बघायचे प्रसंग) हवेच असतील तर दोन ठेवा, सुरुवातीला आणि शेवटी. ते थांबवता यायला हवेत, बटण धरून ठेवलं की पुढे ढकलता यायला हवेत, आणि चेकपॉइंट (मेल्यावर जिथून पुन्हा सुरू होतं ती जागा) कटसीनच्या नंतर हवा, आधी नको. मरून परत आल्यावर तेच दोन मिनिटांचं बोलणं पुन्हा ऐकावं लागलं की बरेच जण तिथेच गेम बंद करतात. पोराच्या अंगावर प्लेअरने मिळवलेली घोंगडी असेल तर कटसीनमध्येही ती दिसू द्या. त्यासाठी तो आधी व्हिडिओ करून न ठेवता गेमच्या आतच चालवा. 'पटकन बटण दाबा' असे क्षण घालू नका असं मी सांगेन. घालायचेच तर निदान एक सेकंद द्या, कारण अनपेक्षित खूण दिसून बोट हलायलाच पाव सेकंदाच्या वर जातो, आणि जुन्या लॅपटॉपचा उशीर वेगळा.

एक आडवाटेचा मुद्दा, पण तुमच्या भागात तो फार उपयोगी पडेल. सगळे संवाद आणि पाट्या पहिल्या दिवसापासून कोडच्या बाहेर, एका तक्त्यात ठेवा: एका रकान्यात मराठी, शेजारी कन्नड, इंग्रजी. बेळगावात दोन्ही भाषा घरच्यासारख्या बोलणारी माणसं गल्लीत मिळतात. भाषांतर तपासायला बाहेर जावं लागत नाही. इंजिन ठरवतानाही हे बघा. युनिटीच्या टेक्स्टमेश प्रो या अक्षरं दाखवणाऱ्या भागात देवनागरीची जोडाक्षरं फुटण्याचा आणि ऱ्हस्व वेलांटी चुकीच्या जागी जाण्याचा त्रास जुना आहे. गोडो ४ जोडाक्षरं आणि वेलांट्या व्यवस्थित मांडतो. 'क्ष', 'त्र', 'र्‍या', 'कि', 'ಕ್ಷ' अशी एक ओळ पहिल्याच आठवड्यात पडद्यावर आणून बघा.

कामाचा क्रम दिवाळीतल्या किल्ल्यासारखा ठेवा. पोरं आधी दगड-विटा रचतात, वर पोतं टाकतात, मग चिखल लिंपतात, मोहरी पेरतात, आणि मावळे सगळ्यात शेवटी मांडतात. पहिले सहा आठवडे नुसते करडे ठोकळे: तीन वाटा, दरवाजा, बुरूज, वाडा. रंग नाही, चेहरा नाही. करड्या ठोकळ्यांत शिरण्यात मजा नसेल तर चित्रं घालून येणार नाही. पुढचे दहा आठवडे सहा घटक आणि पहारा. मग बुरूज, संवाद, आवाज. शेवटचे आठ आठवडे फक्त टेस्टिंग आणि दुरुस्ती. ते कुठल्याही कारणाने कापू नका.

टेस्टिंगला एका वेळी पाच माणसं पुरतात. त्यांतला एक गेम न खेळणारा हवा, घरातली मावशी किंवा मामा चालतील. शेजारी बसा, पडदा रेकॉर्ड करा आणि तोंड उघडू नका. 'तिकडे जा' असं एकदा सांगितलंत की ती टेस्ट वाया गेली. वहीत तीन रकाने: वेळ, माणसाने काय करून बघितलं, गेमने काय उत्तर दिलं. तिसरा रकाना रिकामा राहिला ती प्रत्येक ओळ तुमची. पाचांपैकी तिघांनी एकच गोष्ट करून बघितली आणि उत्तर मिळालं नाही, तर एक तर ती गोष्ट चालू करा, नाहीतर ती चालेल असं सुचवणारी वस्तूच तिथून उचला. तिघांनी खिडकीची फळी ओढून बघितली? फळी निघू द्या, किंवा खिडकी चिणून टाका.

आणि यातलं बरंचसं संगणक न उघडता कळतं. येत्या रविवारी चौघं बसा. मोठ्या कागदावर गडाचा नकाशा काढा, तुमच्यातल्याच एकाला पोरगा करा आणि बाकी तिघं गड व्हा. पोरगा सांगेल: 'मी टाक्यात उतरतो', 'मी कुत्र्याला भाकरी टाकतो', 'मी पहारेकऱ्याचं पागोटं घालतो'. गडाने लगेच उत्तर द्यायचं. दीड तास खेळा, मग पोरगा बदला. ज्या ज्या वेळी तिघांना 'असं करता येत नाही' म्हणावं लागलं, ते वाक्य आणि ती जागा लिहून ठेवा. मोकळीकवाल्यांनी आणि सिनेमावाल्यांनी मिळून ती यादी वाचली की पहिल्या सहा आठवड्यांत काय बांधायचं ते तुमचं तुम्हालाच ठरवता येईल.